जन्मजात नेत्रविकृती आणि बालअंधत्वाचे बदलते स्वरूप : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : गोंदिया जिल्हा)

सारांश

महाराष्ट्रातील बालअंधत्वाचा इतिहास हा दीर्घकाळ देवी, गोवर, कुपोषण आणि त्यातून होणाऱ्या बुबुळाच्या विकारांचा इतिहास होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कारणे मागे हटली आणि जन्मजात नेत्रविकृती हे प्रमुख कारण म्हणून पुढे आले. प्रस्तुत शोधनिबंधात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला असून, जन्मजात अंधत्वाची वेगळी नोंद का झाली नाही, त्याचा दोष मातेवर का आला आणि या विकृतींचे वैद्यकीय महत्त्व गोंदियासारख्या जिल्ह्यात कोणत्या अर्थाने आहे, या तीन प्रश्नांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : जन्मांधत्व, लघुनेत्रता, कोलोबोमा, जन्मजात मोतीबिंदू, जनगणना, गोंदिया.

१. प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याची निर्मिती १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आठ तालुक्यांचा हा जिल्हा भाताच्या शेतीसाठी आणि भातगिरण्यांसाठी ओळखला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १३,२२,५०७ आहे. उत्तरेस मध्य प्रदेश व पूर्वेस छत्तीसगड अशी दोन राज्यांची सीमा त्याला लाभली आहे. १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्य प्रांत व पुढे मध्य प्रदेश या प्रशासकीय घटकात होता. त्यानंतर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात समाविष्ट झाला. साहजिकच येथील आरोग्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला १९९९ पूर्वीची आकडेवारी भंडारा जिल्ह्याच्या नावाखाली शोधावी लागते आणि तीही तीन वेगवेगळ्या राज्यव्यवस्थांच्या दप्तरांत विखुरलेली आढळते.

आरोग्याचा इतिहास लिहिताना साथीच्या रोगांकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. साथ येते, माणसे मरतात, सरकारी अहवाल तयार होतो. मात्र जन्मतःच दोष घेऊन आलेले मूल कोणत्याही साथीचा भाग नसते. ते एका घरातले एकटे दुःख असते आणि म्हणून इतिहासाच्या साधनांत त्याची खूण क्वचितच सापडते. ही खूण कोठे सापडते आणि कोठे पुसली गेली, हे पाहणे हा या निबंधाचा मुख्य हेतू आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) भारतीय परंपरेतील जन्मांधत्वविषयक विचारांचे स्वरूप पाहणे.
२) वसाहतकालीन व स्वातंत्र्योत्तर जनगणनेतील अंधत्वाच्या नोंदींची मर्यादा तपासणे.
३) महाराष्ट्रातील बालअंधत्वाच्या कारणांत झालेल्या बदलाचा अर्थ लावणे.
४) जन्मजात नेत्रविकृतींचे वैद्यकीय महत्त्व गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात स्पष्ट करणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

३. परंपरेतील जन्मांधत्वाची कल्पना

जन्मतः आलेले अंधत्व आणि नंतर ओढवलेले अंधत्व यांतील फरक प्राचीन भारतीय वैद्यकाला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली आहे. मात्र जन्मांधत्वाचा विचार त्या रोगांच्या यादीपुरता न ठेवता शारीरस्थानात, म्हणजे गर्भाच्या घडणीच्या विवेचनात, केला आहे, ही बाब महत्त्वाची आहे. गर्भावस्थेत तेज दृष्टिभागापर्यंत पोहोचले नाही तर मूल जात्यंध होते. तेच तेज रक्ताशी संलग्न झाल्यास डोळे लाल, पित्ताशी संलग्न झाल्यास पिंगट, कफाशी संलग्न झाल्यास पांढुरके आणि वाताशी संलग्न झाल्यास विकृत होतात, असे तेथील प्रतिपादन आहे. त्यातील कारणमीमांसा आज स्वीकारता येत नाही. परंतु जन्मांधत्व हा डोळ्याला झालेला रोग नसून डोळ्याच्या घडणीत राहिलेली उणीव आहे, ही त्यामागची दृष्टी आधुनिक भ्रूणविज्ञानाच्या दिशेने जाणारी आहे.

लोकमानसावर प्रभाव मात्र वैद्यकापेक्षा पुराणकथांचा अधिक पडला. महाभारतातील धृतराष्ट्र जन्मांध का झाला, तर व्यासांचे उग्र रूप पाहून अंबिकेने डोळे मिटले म्हणून. या कथेत अपत्याच्या अंधत्वाचे कारण मातेच्या एका क्षणाच्या वर्तनात शोधले आहे. हाच विचार ग्रहणकाळात गरोदर स्त्रीने चिरू नये, कापू नये, बाहेर पडू नये या निर्बंधांतून आजही ग्रामीण भागात टिकून आहे. मूल सदोष जन्मले की नऊ महिन्यांत आईचे काय चुकले याची चौकशी सुरू होते. या धारणेचा परिणाम केवळ मानसिक नाही. दोष आपल्यावर येईल या भीतीने घरातील मंडळी बाळाचा डोळा झाकतात, लपवतात, आणि वैद्यकीय तपासणीस विलंब होतो. पुढे पाहिल्याप्रमाणे या विकारांत विलंब हाच मोठा शत्रू आहे.

४. वसाहतकालीन नोंदी : विचारला न गेलेला प्रश्न

ब्रिटिश अमदानीत १८८१ ते १९३१ या काळातील जनगणनांत ‘शारीरिक व मानसिक व्यंगे’ या सदराखाली चार गटांची मोजणी होत असे : वेड, मूकबधिरता, अंधत्व आणि महारोग. यांतील मूकबधिरतेसाठी ती जन्मापासून असावी अशी अट होती. अंधत्वासाठी मात्र दोन्ही डोळ्यांनी पूर्ण अंध एवढाच निकष होता. अंधत्व जन्मतः आहे की नंतर आले, हा प्रश्नच गणकाने विचारावयाचा नव्हता.

या एका वगळलेल्या प्रश्नाचे परिणाम दूरगामी आहेत. पहिला परिणाम असा की मोतीबिंदूने अंध झालेला वृद्ध, देवीने डोळे गेलेला तरुण आणि डोळ्यांविना जन्मलेले बालक हे तिघे एकाच रकान्यात बसले. दुसरा परिणाम असा की एक डोळा लहान वा निकामी असलेली मुले मोजणीतून पूर्णपणे निसटली, कारण एका डोळ्याचे अंधत्व ग्राह्यच नव्हते. भंडारा जिल्ह्यासह संपूर्ण मध्य प्रांताच्या जनगणना अहवालांतून जन्मजात नेत्रविकृतींचे प्रमाण काढणे त्यामुळे अशक्य होते. अहवालांत वयोगटनिहाय आकडे असले तरी लहान वयातील अंधांपैकी जन्मांध किती, हे त्यावरून ठरत नाही. कारण देवी व कुपोषण यांचा आघातही पहिल्या पाच वर्षांतच होत असे.

१९३१ नंतर ही मोजणी खंडित झाली. १९८१ च्या जनगणनेत पूर्ण अंधांची नोंद झाली. २००१ व २०११ मध्ये दृष्टीविषयक अपंगत्वाचा प्रश्न पुन्हा आला. परंतु अपंगत्व जन्मतः आहे काय, हा प्रश्न तेथेही नव्हता. राष्ट्रीय नमुना पाहणीने तो विचारला. तथापि नमुन्यावर आधारलेल्या पाहणीतून इतक्या विरळ विकारांचे जिल्हानिहाय चित्र मिळत नाही. सारांश, जनगणनेच्या दप्तरात जन्मांध मूल आहे, पण ते जन्मांध म्हणून नाही.

५. देवी, दुष्काळ आणि बुबुळावरील फूल

एकोणिसाव्या शतकातील बालअंधत्वाचे स्वरूप समजून घेण्यासाठी देवी या रोगाचा विचार आवश्यक आहे. भारतातील पहिले देवीचे लसीकरण १४ जून १८०२ रोजी मुंबईत झाले. तरीही पुढील दीडशे वर्षांहून अधिक काळ हा रोग डोळे घेत राहिला. बुबुळावर व्रण होऊन त्याचा पांढरा डाग, लोकभाषेतील ‘फूल’, शिल्लक राहत असे. १९७५ च्या मे महिन्यात देशातील देवीचा अखेरचा रुग्ण नोंदला गेला आणि हे कारण कायमचे संपले.

दुसरे कारण ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव. या जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने बुबुळ कोरडे पडते, मऊ होते आणि काही दिवसांत विरघळते. गोवर आणि अतिसार यांनी हा धोका वाढतो. केवळ पांढऱ्या भातावर वाढणाऱ्या बालकाला हे जीवनसत्त्व मिळत नाही, ही गोष्ट भातपट्ट्यातील जिल्ह्यांसाठी विशेष अर्थपूर्ण आहे. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाच्या काळातच, १९०० साली, मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. या प्रदेशातील अंधशिक्षणाची सुरुवात आणि दुष्काळ यांचे हे सान्निध्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. स्वातंत्र्योत्तर काळात १९७० पासून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम, १९७६ पासून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आणि १९८५ पासून गोवर लशीचा अंतर्भाव असलेला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम राबविण्यात आला. बुबुळाच्या अंधत्वाला त्यातून ओहोटी लागली.

६. स्थित्यंतर : आकडे काय सांगतात?

या बदलाचा पुरावा अंधशाळांतील तपासण्यांतून मिळतो. राही व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, नऊ राज्यांतील अंधशाळांच्या अभ्यासात १३१८ विद्यार्थ्यांचा समावेश होता. त्यात बुबुळाचे व्रण व तत्सम विकार २६.४ टक्के, तर लघुनेत्रता, नेत्राभाव व कोलोबोमा या जन्मजात विकृती २०.७ टक्के आढळल्या. महाराष्ट्रातील अंधशाळांचा अभ्यास डॉ. परीक्षित गोगटे व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. बालवयात दृष्टी गमावलेल्या १७७८ जणांपैकी ७३५, म्हणजे ४१.३ टक्के, जन्मजात विकृतींमुळे अंध होते. बुबुळाचे विकार ३९५ म्हणजे २२.२ टक्के, दृष्टिपटलाचे विकार ११.२ टक्के, तर मोतीबिंदू व त्याच्या शस्त्रक्रियेनंतरची स्थिती ६.० टक्के होती. एकतृतीयांशाहून अधिक मुलांचे अंधत्व टाळता येण्याजोगे वा उपचारसाध्य होते, हा या अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष.

या आकड्यांचे वाचन सावधपणे करावे लागते. जन्मजात विकृतींचे शेकडा प्रमाण वाढले याचा अर्थ अशी मुले पूर्वीपेक्षा अधिक जन्मू लागली असा होत नाही. इतर कारणे घटली की उरलेल्या कारणाचा वाटा आपोआप वाढतो. ओढ्याचे पाणी आटले की तळातील खडक दिसू लागतो. खडक नव्याने उगवलेला नसतो. दुसरे असे की हे दोन अभ्यास वेगवेगळ्या प्रदेशांचे आहेत, त्यामुळे त्यांची तुलना दिशादर्शक मानावी, मोजमाप म्हणून नव्हे. तिसरी मर्यादा अंधशाळेचीच आहे. शाळेत न पोहोचलेली, शाळेच्या वयापूर्वीच दगावलेली आणि हृदय वा मेंदूच्या सहविकृती असलेली मुले या गणतीत नाहीत. जन्मजात विकृतींत अशा मुलांची संख्या लक्षणीय असल्याने प्रत्यक्ष भार शाळेतील आकड्यांपेक्षा वेगळा असण्याची शक्यता आहे.

७. जन्मजात नेत्रविकृतींचे वैद्यकीय महत्त्व

मानवी डोळ्याची घडण गर्भधारणेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. मेंदूच्या अग्रभागातून दोन पुटिका बाहेर येतात, त्या आत दबून पेल्याचा आकार घेतात आणि त्या पेल्याच्या खालच्या अंगाची फट पाचव्या ते सातव्या आठवड्यात मिटते. अनेक स्त्रियांना गर्भधारणेची खात्री पटण्याच्या सुमारासच डोळ्याचा पाया रचला गेलेला असतो. ग्रहणात चिरलेली भाजी आणि मुलाचा डोळा यांचा संबंध नाही, हे सांगताना या कालक्रमाचा उपयोग होतो.

पुटिका तयारच न झाल्यास नेत्राभाव आणि वाढ खुंटल्यास लघुनेत्रता संभवते. फट मिटली नाही तर कोलोबोमा होतो. त्यात बाहुली खालच्या बाजूस ओघळल्यासारखी, कुलपाच्या छिद्रासारखी दिसते. बाहुली थोडी वेगळी दिसते एवढ्यावर हे प्रकरण सोडून देणे धोक्याचे असते, कारण हाच दोष आत दृष्टिपटलापर्यंत व दृष्टिचेतापर्यंत गेलेला असू शकतो. शिवाय कोलोबोमा हा हृदय, कान व नाकाच्या मागील मार्गातील विकृतींच्या समूहाचा एक घटक असू शकतो. म्हणून अशा बालकाच्या हृदयाची व श्रवणाची तपासणी आवश्यक ठरते. जन्मतः बुबुळामागील रंगीत पडदा नसणे, म्हणजे ॲनिरिडिया, हा विकार पॅक्स-६ या जनुकाशी निगडित असल्याचे १९९१-९२ मध्ये स्पष्ट झाले. जनुकाच्या परिसरातील मोठा भाग गळाला असल्यास मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतो आणि सोनोग्राफीने सतत लक्ष ठेवावे लागते. डोळा हा अशा प्रसंगी शरीरातील इतर दोषांची सूचना देणारा अवयव ठरतो.

काही विकृती दिसायला सुंदर असतात, हेही लक्षात घेतले पाहिजे. जन्मजात काचबिंदूत बाळाचे डोळे मोठे व टपोरे दिसतात आणि नातेवाईक कौतुक करतात. डोळ्यांतून पाणी येणे, उजेड सहन न होणे आणि बुबुळ धुरकट होणे ही त्याची खरी लक्षणे होत. बाहुलीत दिसणारी पांढरी चमक जन्मजात मोतीबिंदूची असू शकते, तशीच ती दृष्टिपटलाच्या कर्करोगाचीही असू शकते. दुसऱ्या प्रसंगी प्रश्न दृष्टीचा नसून जिवाचा असतो.

कालमर्यादेचे महत्त्व ह्यूबेल व वीझेल यांच्या संशोधनाने सिद्ध केले. त्यासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आयुष्याच्या आरंभीच्या काळात डोळ्यातून स्पष्ट प्रतिमा मेंदूपर्यंत गेली नाही तर मेंदूतील दृष्टिकेंद्र ती पाहावयास शिकत नाही. वृद्धाच्या मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया वर्षभर लांबली तरी दृष्टी परत येते. जन्मजात दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असल्यास सुमारे सहा आणि दोन्ही डोळ्यांत असल्यास सुमारे आठ आठवड्यांच्या वयापर्यंत शस्त्रक्रिया व्हावी असे मानले जाते. मूल मोठे झाल्यावर पाहू, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला येथे दृष्टी घालवणारा ठरतो.

कारणांच्या संदर्भात १९४१ हे वर्ष निर्णायक आहे. सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी जन्मजात मोतीबिंदूच्या ७८ बालकांची नोंद घेतली आणि त्यांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला झाला होता हे दाखवून दिले. बाह्य संसर्गाने गर्भाचा डोळा बिघडू शकतो हे त्यातून प्रस्थापित झाले. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची व्यापक मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. ग्रेग यांचे निरीक्षण आणि ही मोहीम यांत ७७ वर्षांचे अंतर आहे.

रक्तसंबंधातील विवाहांमुळे अप्रकट जनुकीय दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते, हेही मान्य तत्त्व आहे. मामेबहिणीशी विवाहाची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत असल्याचे इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात नोंदविले आहे. गोंड समाजातही आतेमामे विवाहाची परंपरा आहे. तथापि अशा विवाहांतील बहुसंख्य अपत्ये निरोगी असतात आणि असा संबंध नसलेल्या दांपत्यांनाही सदोष अपत्ये होतात. एखाद्या समाजाच्या चालीवर सर्व भार टाकणे म्हणजे मातेवरील दोषारोप समाजावर सरकवणे होय.

८. गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

निरनिराळ्या देशांतील नोंदींवरून लघुनेत्रतेचे प्रमाण दर १०,००० जन्मांमागे साधारण एक ते दोन धरले जाते. गोंदियाची लोकसंख्या व दर हजारी सुमारे १६ हा जन्मदर गृहीत धरल्यास जिल्ह्यात वर्षाला सुमारे २१,००० जन्म होतात. म्हणजे लघुनेत्रतेची दोन ते चार बालके दरवर्षी अपेक्षित आहेत. हा केवळ अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ३०,००० लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात असे बालक दहा ते वीस वर्षांत एकदा जन्मेल. तेथील वैद्यकीय अधिकारी, परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती यांना आपल्या सेवाकाळात ते एकदाच दिसेल, कदाचित दिसणारही नाही. अनुभवातून हे ज्ञान मिळणे शक्य नाही. ते प्रशिक्षणातून आणि नियमातूनच यावे लागेल.

गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे. गोंदियाचे २०१६ चे. मधल्या सुमारे सत्तर वर्षांत सालेकसा वा देवरीच्या गावातील बाळंतिणीला सहा आठवड्यांच्या आत नागपूर गाठणे किती अवघड होते, याची कल्पना करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यातील नऊ जन्मदोषांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील दृष्टिपटलविकार यांचा समावेश आहे. लघुनेत्रता व कोलोबोमा यांचा स्वतंत्र उल्लेख त्या यादीत नाही. महाराष्ट्रातील अंधशाळांत जे कारण प्रथम क्रमांकावर आढळले, तेच यादीत नावाने नसावे, ही विसंगती विचारार्ह आहे.

९. निष्कर्ष

१) जन्मांधत्वाचे वेगळेपण भारतीय वैद्यकाला प्राचीन काळापासून ठाऊक होते, परंतु लोकधारणेने त्याचा दोष मातेकडे दिला.
२) १८८१ पासूनच्या जनगणनांनी अंध मोजले, अंधत्वाचा आरंभ मात्र विचारला नाही. त्यामुळे जिल्हा पातळीवर जन्मजात नेत्रविकृतींचा इतिहास आकड्यांत उपलब्ध नाही.
३) महाराष्ट्रातील बालअंधत्वात जन्मजात विकृतींना आलेले प्राधान्य हे मुख्यतः देवी, गोवर व कुपोषण यांवरील नियंत्रणाचे फलित म्हणून समजून घ्यावे लागते. ते सार्वजनिक आरोग्याच्या यशाचे लक्षण आहे आणि पुढील जबाबदारीचेही.
४) लघुनेत्रतेसारख्या विकृतींवर दृष्टी देणारा उपचार बहुधा नसतो, तरीही कृत्रिम साधनांनी नेत्रकोटराची व चेहऱ्याची वाढ राखणे, उरलेल्या दृष्टीचा चष्मा व अल्पदृष्टी साधनांनी उपयोग करणे, सहविकृती शोधणे आणि शिक्षणाची वाट लवकर मोकळी करणे शक्य असते. मोतीबिंदू व काचबिंदूत तर दृष्टीच वाचवता येते.

यास्तव प्रत्येक प्रसूतीनंतर बाळाच्या दोन्ही बाहुल्यांतील लाल प्रतिबिंबाची तपासणी व्हावी, असे सुचवावेसे वाटते. यासाठी लागणारे नेत्रदर्शक उपकरण हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे ठेवले. ते नवे नाही, महागही नाही आणि तपासणीस मिनिटभर पुरते. तिचा निष्कर्ष जन्मनोंदीसोबत जिल्हा पातळीवर जतन झाल्यास शंभराहून अधिक वर्षे विचारला न गेलेला प्रश्न गोंदियापुरता तरी विचारला जाईल. बाळाला तपासणारी परिचारिका त्याच वेळी आईला ‘बाई, यात तुमचे काही चुकलेले नाही’ एवढे सांगू शकली, तर अंबिकेपासून चालत आलेल्या आरोपालाही उत्तर मिळेल.